वडोदऱ्याच्या प्रत्येक वस्तीपर्यंत चित्रपटशिक्षण कसे पोहोचवावे?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दांडिया बाजार परिसरात आपल्या संस्थेचे एक सभागृह आहे, देणगीतून जमलेली काही रक्कम आहे, आणि शहरातील मुलांना, तरुणांना व इच्छुक प्रौढांना चित्रपट आणि माध्यमकला शिकवण्याची आपली इच्छा आहे. त्यासाठी चांगले कॅमेरे आणि संपादनाचे संगणक घेऊन सभागृहात एक सुसज्ज केंद्र उभारावे, की हा पैसा वेगळ्या रीतीने खर्च करावा?

याच शहरात अनेक वर्षे हे काम करत आल्यामुळे मी निःशंकपणे सांगेन की केंद्र उभारू नये. ती रक्कम वस्तीवस्तीत फिरू शकतील अशा साधनसंचांवर आणि शिकवणाऱ्यांच्या मानधनावर खर्च करावी, आणि वर्ग त्या त्या वस्तीत आधीपासून असलेल्या जागेत भरवावेत. आपल्या सभागृहाचा उपयोग महिन्यातून एकदा होणाऱ्या, सर्व वस्त्यांतील चित्रपटांच्या एकत्रित खेळासाठी आणि ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांच्या संपादनासाठी करावा.

फी माफ केली की शिक्षण सर्वांना खुले झाले, असे आयोजकांना प्रामाणिकपणे वाटत असते. प्रत्यक्षात फी ही अडचणींपैकी सर्वांत लहान अडचण असते. गोरव्यातील मुलाला दांडिया बाजारात येण्यासाठी रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो, आणि अलकापुरीचे गरनाळे, म्हणजे रुळांखालचा भुयारी रस्ता, पावसाळ्यात भरले की तो रस्ताच बंद होतो. तरसालीहून किंवा आजवा रस्त्याच्या टोकाहून यायचे तर दोन वेळा शेअर रिक्षा बदलावी लागते, आणि आठवड्यातून दोनदा हा खर्च झाला की विनामूल्य वर्ग विनामूल्य राहत नाही. मुलींच्या बाबतीत संध्याकाळी घरी परतण्याची वेळ हा प्रश्न भाड्याहून मोठा असतो, आणि घरी लहान भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीला तर दुपारचे दोन तास मिळवणेही कठीण जाते. म्हणून मध्यवर्ती केंद्रात शेवटी तीच मुले टिकतात ज्यांना कोणीतरी स्कूटरवरून आणून सोडते. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो, पण वर्षअखेरीस छायाचित्रातील चेहरे पाहिले की शहराचा अर्धा भाग त्यात नसल्याचे दिसून येते.

ही कल्पना मी बाहेरून आणलेली नाही. बडोदे संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात सुरू झाला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानाला लागू झाला. मुले वाचू लागली, पण शाळा सुटल्यावर त्यांच्या हाती पुस्तक नसेल तर अक्षरओळख टिकणार कशी, हा विचार करून महाराज सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना बोलावले आणि ग्रंथालयांचे जाळे उभे केले. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या योजनेचा मला अधिक मोलाचा वाटणारा भाग म्हणजे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या, ज्या गावोगाव पाठवल्या जात आणि वाचून झाल्यावर पुढच्या गावी जात. त्याच ग्रंथालय खात्यात दृश्यशिक्षणाची एक शाखा होती, जी जादूचा कंदील (काचेवरील चित्रे पडद्यावर दाखवणारे जुने यंत्र) आणि सिनेमाचे यंत्र घेऊन लोकांना विनामूल्य खेळ दाखवत असे. आपल्या शहराने शंभर वर्षांपूर्वी चित्रपट हा सार्वजनिक शिक्षणाचा भाग मानला होता, ही गोष्ट महापालिकेच्या किंवा शाळेच्या अधिकाऱ्यांना भेटायला जाताना अवश्य सांगावी. दादासाहेब फाळके येथील कलाभवन या कला व तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकले होते, हेही सांगावे.

त्या ग्रंथालय योजनेतील आणखी एक तत्त्व जसेच्या तसे उचलण्यासारखे आहे. गावाने वर्गणी जमवली की तितकीच रक्कम स्थानिक पंचायत आणि तितकीच सरकार देई, म्हणजे खर्चाचा तिसरा हिस्सा गावाचा असे. वस्तीतील मंडळ, महिला बचत गट किंवा शाळेचे पालक यांनी वर्गाच्या खर्चात काहीतरी हिस्सा उचलावा, मग तो पैशांत असो, जागेच्या रूपात असो किंवा मुलांच्या नाश्त्याच्या रूपात. ज्या वस्तीने स्वतःचे काही घातले आहे तेथे साधने सांभाळली जातात आणि शिकवणारा एखाद्या दिवशी आला नाही तर कोणीतरी फोन करून विचारते. सर्वस्वी फुकट आलेल्या उपक्रमाबाबत हे घडताना मी क्वचितच पाहिले आहे.

जागा निवडताना एकच कसोटी लावावी, ती म्हणजे त्या वस्तीतील मुलगी त्या जागेत एरवी एकटी जाते का. जात असेल तर ती जागा योग्य. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांचे वर्ग पाळी सुटल्यावर रिकामे असतात, अनेक भागांत वाचनालये आहेत, देवळाला लागून सभामंडप आहेत, आणि जुन्या शहरातील पोळांमध्ये, म्हणजे गल्लीवजा वस्त्यांमध्ये, एखाद्या मोठ्या घराचा ओटा किंवा चौकही पुरतो. मात्र एकाच समाजाची मानली जाणारी जागा घेतली तर दुसऱ्या समाजाची मुले आत पाऊल ठेवत नाहीत, आणि हे कोणी तोंडावर सांगत नाही. तांदळजा आणि वाडी या दोन्ही ठिकाणच्या मुलांनी एकत्र काम करावे असे वाटत असेल, तर ते काम शाळेत किंवा कमाटी बागेत ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. जागा तळमजल्यावर आणि विनापायरी असावी, पण साधने ठेवण्याचे कपाट वरच्या मजल्यावर असावे. विश्वामित्री नदीचा ऑगस्ट २०२४ मधील पूर ज्यांनी पाहिला त्यांना याचे कारण सांगायला नको.

वेळापत्रक शहराच्या चालीने आखावे. गणेशोत्सव, नवरात्र, उत्तरायण (संक्रांत) आणि मार्चमधील परीक्षा या काळात नियमित वर्ग ठेवले तर उपस्थिती कोसळते. नवरात्रात तर वडोदऱ्यात रात्री जागणारी मुले दुपारी झोपलेली असतात. त्यापेक्षा तेच दिवस चित्रीकरणाचे दिवस ठरवावेत. पतंगाच्या दोऱ्याला मांजा पाजणारे कारागीर, गणपतीच्या मूर्ती रंगवणारी कुटुंबे आणि गरब्याला चणियाचोळी शिवणाऱ्या बायका ही मुलांच्या रोजच्या ओळखीची माणसे असतात आणि त्यांच्यासमोर कॅमेरा धरताना मुलांना संकोच वाटत नाही. एक सूचना मात्र कडकपणे द्यावी. विश्वामित्रीतील मगरींचे चित्रण करण्याचा मोह प्रत्येक गटाला होतो. पुलावरून, कठड्याच्या आतून जेवढे दिसेल तेवढेच टिपावे. काठावर कोणालाही उतरू देऊ नये.

आता संचाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पैसा येथेच वाया जातो. मोठा कॅमेरा घेऊ नका. पाच-सहा मुलांच्या एका गटाला मध्यम किमतीचा एक अँड्रॉइड फोन, फोन पकडणारा क्लॅम्प असलेला साधा ट्रायपॉड, कपड्याला लावायचा वायरचा माईक, डोक्यावर लावायचे बंदिस्त हेडफोन, एक छोटा एलईडी दिवा, पांढऱ्या थर्माकोलचा एक पत्रा, ६४ जीबीची दोन मेमरी कार्डे आणि एक पॉवर बँक एवढे पुरते. नव्या फोनला माईकचे गोल छिद्र नसते, तेव्हा टाइप-सी जोडणीचा तुकडा संचातच ठेवावा आणि माईक त्या फोनवर चालतो का हे दुकानातच ध्वनिमुद्रण करून पाहावे, कारण सर्व तुकडे सर्व फोनांवर चालत नाहीत. कार्ड ठेवण्याची जागा आणि कॅमेऱ्याच्या शटरची गती (एका चौकटीवर, म्हणजे फ्रेमवर, प्रकाश पडण्याचा वेळ) हाताने ठरवू देणारे ॲप या दोन गोष्टी फोन घेतानाच तपासाव्यात.

पहिल्याच दिवशी प्रत्येक गटाला एक अडचण येते. वर्गातील ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्त एलईडीखाली घेतलेल्या चित्रात प्रकाशाच्या पट्ट्या सरकताना दिसतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची असल्याने दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटरची गती १/५० किंवा १/१०० सेकंदावर स्थिर केली की प्रत्येक चौकटीत सारखाच प्रकाश येतो आणि पट्ट्या नाहीशा होतात. हे मुलांना फक्त सांगू नये, दोन्ही प्रकारे चित्रण करून शेजारी-शेजारी दाखवावे, म्हणजे विजेचा धडा आणि कॅमेऱ्याचा धडा एकाच वेळी होतो. दुसरी अडचण संपादनात येते. फोन चित्रण करताना चौकटींची गती स्वतःहून बदलत राहतो, त्यामुळे दहा मिनिटांच्या मुलाखतीत आवाज आणि ओठ हळूहळू एकमेकांपासून दूर जातात. हँडब्रेकसारख्या विनामूल्य प्रणालीतून फाइल स्थिर गतीत बदलून घेतली की हा दोष जातो. चित्रण १०८०पी एवढ्याच दर्जाचे ठेवावे. त्यात एका मिनिटाला साधारण १२० ते १५० मेगाबाइट लागतात, म्हणजे एका कार्डावर सुमारे सात तास बसतात. फोर-के हा त्याहून वरचा दर्जा घेतला तर साठवणूक आणि संपादन दोन्ही जड होतात, आणि जुन्या संगणकावर काम करणारी मुले हताश होतात. संपादनासाठी केडेनलाइव्ह किंवा शॉटकट आणि आवाजासाठी ऑडेसिटी वापरावे. या प्रणाली विनामूल्य आहेत, आणि प्रकल्प संपल्यावरही विद्यार्थ्याला त्या घरी किंवा सायबर कॅफेत वापरता येतात, हे त्यांचे सर्वांत मोठे मोल आहे.

शिकवण्याचा क्रम ठरवताना मी आवाजापासून सुरुवात करण्याचा आग्रह धरतो. पहिले दोन वर्ग कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. डोळे मिटून वस्तीतील आवाज ऐकणे, ते लिहून काढणे, मग हेडफोन लावून माईकने टिपणे आणि घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीची तीन मिनिटांची मुलाखत आणणे, एवढे झाले की मुलांना प्रश्न विचारता येऊ लागतो आणि उत्तर संपेपर्यंत गप्प राहता येऊ लागते. दुसरे कौशल्य पहिल्याहून अवघड आहे. चित्र थोडे अंधारे असले तरी प्रेक्षक सहन करतात, पण ऐकू न येणारी मुलाखत कोणीही पाहत नाही. शिवाय या क्रमामुळे पूर्ण अंध किंवा अंशतः अंध विद्यार्थी पहिल्या दिवसापासून गटाच्या मध्यभागी असतो, आणि पुढे ध्वनिमुद्रणाची जबाबदारी तो समर्थपणे उचलतो.

चित्राकडे वळल्यावर फाळके यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटाचा उपलब्ध भाग मी दाखवतो. त्यात कृष्णाचे काम त्यांच्या लहान मुलीने, मंदाकिनीने केले आहे, आणि सुरुवातीलाच तिच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव कॅमेऱ्यासमोर येतात. मूकपट असल्याने मराठी, गुजराती, हिंदी आणि ओडिया घरांतील मुले तसेच कर्णबधिर मुले तो सारख्याच भूमिकेतून पाहतात. शिवाय चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे इतका जुना चित्रपट दाखवण्यास त्या बाजूने अडथळा नाही. नव्या चित्रपटांबाबत मात्र काळजी घ्यावी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेतील विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती यांच्यापुरत्या प्रदर्शनाला मुभा आहे. चौकात पडदा लावून सर्वांना दाखवण्यास ती लागू होत नाही. त्यासाठी हक्कधारकाची परवानगी हवी.

गटातील कामे दर वर्गाला बदलावीत आणि तसे वहीत लिहून ठेवावे. सोडून दिले तर कॅमेरा नेहमी उंच आणि बोलक्या मुलाच्या हातात जातो, आणि मुलींच्या वाट्याला वही धरणे व पाहुण्यांना पाणी देणे उरते. बाई-माणसाला यंत्र जमत नाही किंवा शिकण्याचे वय निघून गेले, असे कोणी म्हणाले तर त्यांना अहमदाबादच्या ‘सेवा’ या स्त्री-कामगारांच्या संघटनेचे उदाहरण द्यावे. तिने १९८४ साली आपल्या सदस्यांना व्हिडिओ शिकवायला सुरुवात केली तेव्हा त्यांतील काही जणींना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि त्याच स्त्रियांनी पुढे चित्रण व संपादन केले. त्याआधी खेडा जिल्ह्यातील पीज येथील प्रक्षेपण केंद्रावरून इस्रोने चालवलेल्या दूरचित्रवाणी प्रकल्पात गावकरी स्वतःच्या प्रश्नांवरील कार्यक्रमांत सहभागी होत असत. त्या प्रकल्पाला १९८४ साली युनेस्कोचा ग्रामीण संवादाचा पुरस्कार मिळाला. ही दोन्ही ठिकाणे आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहेत, आणि तरीही वडोदऱ्यातील माध्यमांच्या वर्गात त्यांचा उल्लेख होत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

भाषेचा मुद्दा आपल्यासारख्या मराठी संस्थेला नीट हाताळावा लागेल. येथील बहुतेक मराठी मुले घरी मराठी बोलतात, पण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, आणि अनेकांना देवनागरी मराठी लिहिताना अडखळायला होते. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीभोवती राहणाऱ्या कुटुंबांत हिंदी, भोजपुरी, ओडिया बोलली जाते. वर्ग मराठीतच चालेल अशी अट घातली तर शहरभर पोहोचण्याचे उद्दिष्ट तेथेच संपते. प्रवेशाचे पत्रक गुजरातीत आणि हिंदीत असावे, मराठी वस्तीत मराठीतही असावे, आणि चित्रपट ज्या भाषेत आजी बोलते त्याच भाषेत व्हावा. आजीची बडोदी मराठी, तिच्यातील गुजराती शब्दांसकट, शुद्ध करून घेऊ नये. मग प्रत्येक चित्रपटाला निदान एका दुसऱ्या भाषेतील उपशीर्षके द्यावीत आणि ती मुलांनीच करावीत. एका वेळी दोनपेक्षा अधिक ओळी नकोत, ओळ सुमारे चाळीस अक्षरांची असावी, आणि ती शांतपणे वाचून होईपर्यंत पडद्यावर राहावी.

ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी संवादाबरोबर दाराचा आवाज, ढोल, रडणे यांचीही नोंद उपशीर्षकात हवी. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, आणि चित्रपटगृहांत श्रवणवर्णन (न दिसणाऱ्यांसाठी पडद्यावरील दृश्याचे बोलून केलेले वर्णन) व उपशीर्षके असावीत यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती तत्त्वे व्यावसायिक चित्रपटांसाठी आहेत. पण आपल्या मुलांचा पाच मिनिटांचा चित्रपट त्या कसोटीला उतरवणे मोठ्या निर्मितीसंस्थेपेक्षा कितीतरी सोपे आहे, आणि ज्या विद्यार्थ्याने एकदा श्रवणवर्णन लिहिले त्याची पाहण्याची शक्तीच बदलते. कर्णबधिर विद्यार्थी असतील तर सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचे मानधन पहिल्या अंदाजपत्रकातच धरावे.

संमतीबाबत तडजोड करू नये. अल्पवयीन मुलांच्या पालकांकडून त्यांना समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यावी, आणि चित्रपट वर्गात दाखवणे, वस्तीत दाखवणे आणि इंटरनेटवर टाकणे या तिन्हींसाठी वेगवेगळी घ्यावी. बहुतेक घरे पहिल्या दोन गोष्टींना आनंदाने होकार देतात आणि तिसरीबाबत विचार करायला वेळ मागतात. तो वेळ द्यावा. पुरानंतर लोकांनी फोनवर टिपलेली दृश्ये हातोहात पसरली, आणि त्यांत कोणाच्या घरातील भिजलेले सामान, कोणाची रडणारी आई अशा गोष्टी होत्या. तसली दृश्ये कशी टिपावीत, तारीख, वेळ आणि ठिकाण यांची नोंद कशी ठेवावी, आणि काय टिपूनही दाखवू नये, हे माध्यमशिक्षणातील फार महत्त्वाचे प्रकरण आहे. नुकसानभरपाईच्या वेळी नोंदी असलेले चित्रण कुटुंबाच्या कामी येऊ शकते, हेही मुलांना त्यातून कळते.

चित्रपटाचा पहिला खेळ ज्या वस्तीत तो झाला तेथेच व्हावा, पांढऱ्या चादरीवर का होईना, आणि त्यात दिसणारी माणसे समोर बसलेली असावीत. त्यांना खटकलेला भाग कापण्याचा अधिकार त्यांना असावा. त्यानंतरच तो आपल्या सभागृहातील मासिक खेळाला यावा. या क्रमामुळे मुले वस्तीची टिंगल करणारे किंवा वस्तीची दया मागणारे चित्रपट करत नाहीत.

शिकवणाऱ्यांविषयी. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेतील आणि पत्रकारितेच्या विभागातील विद्यार्थी उत्साहाने येतात, पण त्यांच्या परीक्षा लागल्या की वर्ग पोरके होतात. त्यांना मानधन द्यावे, एका वस्तीशी किमान एक वर्ष बांधून घ्यावे, आणि प्रत्येक गटातून दोन जणांना पहिल्या वर्षीच साहाय्यक म्हणून तयार करावे, ज्यांतील एक मुलगी असावी. त्या साहाय्यकांनाही मानधन द्यावे, कारण सतरा वर्षांच्या मुलाला घरून कमावण्याचा तगादा असतो. अंदाजपत्रकाचा निम्म्याहून अधिक भाग माणसांवर खर्च होत असेल तर ते अंदाजपत्रक बरोबर आहे असे समजावे. देणगीदारांना कॅमेऱ्यावर नाव कोरणे आवडते. त्यांना एका वस्तीचे वर्षभराचे मानधन देण्याची विनंती करावी आणि त्या वस्तीच्या खेळाला सन्मानाने बोलवावे.

आपल्या रकमेत पहिल्या वर्षी तीन संच आणि तीन वस्त्या एवढेच धरावे. एक रेल्वेमार्गाच्या पश्चिमेची, एक जुन्या शहरातील आणि एक मकरपुरा बाजूची निवडावी. गणेशोत्सवाआधी जागा पाहून ठेवाव्यात, दिवाळीनंतर वर्ग सुरू करावेत, उत्तरायणात चित्रीकरण करावे, फेब्रुवारीच्या आत संपादन संपवावे आणि परीक्षा झाल्यावर एप्रिलमध्ये वस्त्यांतील खेळ लावावेत. मे महिन्यात संच दुरुस्त करून पुढच्या तीन वस्त्यांकडे पाठवावेत, आणि आधीच्या वस्त्यांतील साहाय्यकांनी त्यांच्यासोबत जाऊन पहिले दोन वर्ग घ्यावेत.